साठी ओलांडलेला आवाज, अकरा गाणी, चार दिवस : सोल-ब्लूजचा अल्बम आतून कसा असतो

जुलै २००२ मध्ये सॉलोमन बर्क या अमेरिकन गायकाचा ‘डोन्ट गिव्ह अप ऑन मी’ हा अल्बम आला. बर्क तेव्हा साठी ओलांडलेले होते. जन्म फिलाडेल्फियाचा, लहानपणापासून चर्चमध्ये प्रवचन आणि गाणं. १९६० मध्ये ते अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीत आले, १९६५ मध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि पुढे बराच काळ त्यांचं नाव मागे पडलं. हा अल्बम मात्र अवघ्या चार दिवसांत, वादकांना एकत्र बसवून मुद्रित झाला. निर्माता होता जो हेन्री. पुढच्या वर्षी या अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेही समकालीन ब्लूज या विभागात.

नवा श्रोता इथेच गोंधळतो. पुरस्कार ब्लूजचा, पण त्यातली बहुतेक गाणी सोल आहेत. मग दोन्हींत फरक काय? आणि ज्या वयात वरचे सूर सुटायला लागतात, त्या वयात एखाद्या गायकाचा असा अल्बम उतरतो तरी कसा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवतो: पट्टी, लय, वाद्यं, खोली, मायक्रोफोन, यातली प्रत्येक गोष्ट त्या आवाजासाठी जागा करायला ठरवलेली असते. ही जागा कुठे आणि कशी केली जाते, ते एकदा कळलं की असे अल्बम वेगळेच ऐकू येतात.

ब्लूज म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन

ब्लूज अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि आसपासच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांच्या शेतात राबतानाच्या हाका, भजनं आणि श्रमगीतं यांतून आलं. ‘ब्लूज’ म्हणजे उदासी, हे सगळे सांगतात. पण वादक जेव्हा ‘चला, ए मध्ये ब्लूज’ (ए हे पट्टीचं पाश्चात्त्य नाव) म्हणतो, तेव्हा तो भावनेबद्दल बोलत नसतो, एका आराखड्याबद्दल बोलत असतो. हा आराखडा बारा खान्यांचा. एका खान्याला बार म्हणतात आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे पूर्ण आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. कोणत्या खान्यात कोणत्या स्वरावर उभी असलेली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, वाजते, ते आपल्या सरगमेत लिहिलं तर असं दिसतं:

सा । सा । सा । सा
म । म । सा । सा
प । म । सा । प

शेवटच्या खान्यातला पंचम म्हणजे परतीचा धक्का. तो ऐकला की कानाला पुन्हा षड्जाची ओढ लागते आणि पुढचं आवर्तन सुरू होतं. याचे पोटप्रकार आहेत. कुणी दुसऱ्याच खान्यात मध्यमावर जाऊन येतो, कुणी आठ खान्यांतच आटोपतं घेतो. पण वरचा नकाशा पाठ असला तर नव्वद टक्के वेळा आपण कुठे आहोत ते कळतं.

शब्दांची बांधणीही याच खान्यांवर बसते. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ. मराठीत घडवून पाहू:

रात सरली तरी दाराला कडी नाही,
अगं, रात सरली तरी दाराला कडी नाही,
येणाऱ्याची चाहूल नाही, गेलेल्याची सय जात नाही.

प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार, म्हणजे सोळा मात्रा येतात. गायक त्यातल्या आठ-दहा मात्रा वापरतो. उरलेल्या मात्रांत गिटार, पियानो किंवा ऑर्गन उत्तर देतं. हे उत्तर म्हणजे फावल्या वेळेची भर नव्हे, तो रचनेचाच अर्धा भाग आहे. वयस्क गायकाला याचा मोठा फायदा होतो, कारण दर ओळीनंतर किमान पाच-सहा मात्रांची हक्काची विश्रांती मिळते. मिनिटाला ६६ मात्रांच्या लयीत पाच मात्रा म्हणजे साडेचार सेकंद. एवढ्यात पूर्ण श्वास भरतो.

दुसरी ओळ तीच असली तरी तिच्याखालची जमीन बदललेली असते. पहिल्या वेळी खाली षड्जाची कॉर्ड होती, दुसऱ्या वेळी मध्यमाची असते. तेच शब्द, तेच सूर, पण खालचा आधार सरकल्यामुळे त्याच वाक्याचा अर्थ जड होतो. चांगला गायक दुसऱ्यांदा ओळ जराशी उशिरा उचलतो किंवा एखादा शब्द गिळतो. पहिल्यासारखीच म्हटली तर ती नुसती पुनरुक्ती वाटते.

पेटीत न सापडणारा गंधार

ब्लूजचा खरा रंग एका स्वरात आहे. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी तो राहतो. पेटीवर तो नाही, पियानोवर नाही. पियानोवाला कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर झटकन बोट घसरवतो, आपण कण लावतो तसं, आणि मधल्या स्वराचा भास करून देतो. गिटारवाला तार खेचून तिथे पोचतो. गळ्याला मात्र ती जागा थेट मिळते.

हा स्वर इतका हलता का, याचं कारण कॉर्डमध्ये आहे. ब्लूजमध्ये तिन्ही कॉर्ड चार स्वरांच्या असतात. षड्जावरच्या कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी. मध्यमावरच्या कॉर्डमध्ये म, ध, सा आणि कोमल ग. पंचमावरच्या कॉर्डमध्ये प, शुद्ध नी, रे, म. म्हणजे एकाच आवर्तनात गंधारही दोन आणि निषादही दोन. पाचव्या खान्यात कोमल ग घरचा असतो, सातव्या खान्यात तोच पाहुणा होतो. मधला गंधार दोन्हीकडे थोडासा टोचतो, आणि ते टोचणंच हवं असतं. निषादाचंही असंच, आणि पंचमही कधीकधी अर्धा उतरवून घेतात.

राग शिकलेल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. त्याला वाटतं, कोमल ग आणि कोमल नी घेतले की झालं. मग तो स्वर इतका स्वच्छ, इतका जागच्या जागी लावतो की ब्लूज उरतच नाही. उपाय सोपा आहे: कोमल गंधारावर सुरुवात करा, स्वर धरून ठेवताना शुद्ध गंधाराकडे जेमतेम अर्धी वाट चाला आणि तिथेच सोडा. पोचायचं नाही.

सोल : देवळातलं गाणं बाजारात आलं तेव्हा

सोलला असा एकच आराखडा नाही. ते आलं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायकीतून. १९५४ मध्ये रे चार्ल्सने गॉस्पेलचा बाज प्रेमगीताला लावला, १९५७ मध्ये सॅम कुक गॉस्पेलचा गट सोडून लौकिक गाण्यांकडे वळला, आणि ही वाट मोकळी झाली. देवाच्या जागी प्रिय व्यक्ती आली. गाण्याची रीत तीच राहिली: एका शब्दावर अनेक स्वर फिरवणं, मध्येच बोलायला लागणं, शेवटी तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत चढत जाणं.

बर्क यांची सुरुवातही बघण्यासारखी आहे. १९६१ मधलं त्यांचं गाजलेलं गाणं मुळात कंट्री शैलीतलं, म्हणजे गोऱ्या दक्षिणेचं. ते त्यांनी प्रवचनकाराच्या गळ्यातून म्हटलं. त्यामुळे सोल म्हणजे अमुक राग किंवा अमुक ताल असं नसून म्हणण्याची पद्धत आहे, हे त्यांच्याबाबतीत लख्ख दिसतं.

संथ सोल गाण्याची लय ओळखायला आपल्याला सोपी आहे. चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेचे तीन समान तुकडे, एकूण बारा ठोके. दादऱ्याची दोन आवर्तनं शेजारी ठेवली की हिशेब जुळतो, वजन मात्र जुळत नाही. आपण समेवर टाळी देतो. इथे टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मोठ्या मात्रेवर, आणि तिथेच ड्रमवाला स्नेअर, म्हणजे तडतडणारा छोटा ड्रम, वाजवतो. समेवर टाळी दिली तर हेच गाणं कवायतीसारखं होतं. ओटिस रेडिंगचं १९६५ मधलं ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ घेऊन बसा. एक-दोन-तीन असे तुकडे बोटांवर मोजत राहा आणि हाताने फक्त दुसरी व चौथी मात्रा द्या. सुरुवातीला हात चुकेल. दहा मिनिटांत बसेल.

सोलची दुसरी खूण हाक आणि प्रतिसाद. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात, तीच जातकुळी. या अल्बममधल्या ‘नन ऑफ अस आर फ्री’ या दहाव्या गाण्यात बर्क यांच्यामागे ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा उभे आहेत. हा गट १९३९ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा इथे अंध मुलांच्या शाळेत जमला होता. म्हणजे इथे झील धरणारेही मुरलेले. झीलकरी तरुण, चकचकीत आणि फार जुळवून गाणारे घेतले तर म्हाताऱ्या आवाजाशेजारी ते जाहिरातीसारखे वाटतात. इथे प्रत्येक आवाज वेगळा ओळखू येतो, कडा जुळत नाहीत, आणि त्यामुळेच एका सभेतली माणसं गात आहेत असं वाटतं.

मागे फिरणारा कर्णा

या संगीतात मागे सतत एक श्वास घेतल्यासारखा नाद असतो. तो हॅमंड ऑर्गनचा. १९३५ मध्ये हे वाद्य बाजारात आलं. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी ते घेतलं, आणि तिथून ते गॉस्पेलमधून सोलमध्ये आलं. सर्वात लाडकं मॉडेल १९५४ पासूनचं बी-३. त्याच्या आत दातेरी कडांच्या ९१ चकत्या फिरतात आणि त्यांच्याजवळच्या चुंबक-वेटोळ्यांत स्वर तयार होतो. वर नऊ-नऊ दांड्यांचे संच असतात. दांडा शून्यापासून आठपर्यंत ओढायचा, तेवढा त्याचा स्वर मिसळतो. पहिले तीन पूर्ण बाहेर आणि बाकी सहा आत ठेवले की गोल, घट्ट आवाज येतो. तो गायकाच्या खाली सुरेख बसतो. नऊच्या नऊ बाहेर ओढले की भरसभेतली आरोळी. गायक गात असताना ती चालत नाही.

खरी जादू त्याच्या लेस्ली नावाच्या स्पीकरमध्ये आहे. लाकडी पेटीत वर एक फिरता कर्णा आणि खाली एक फिरता ड्रम. वेग दोन: संथ, मिनिटाला पन्नासच्या आत फेऱ्या, आणि जलद, चारशेच्या आसपास. आवाजाचा उगम जवळ-लांब होत राहिल्यामुळे स्वर हलतो. वेग बदलला की हलका कर्णा एखाद्या सेकंदात पळू लागतो, पण खालचा जड ड्रम मागून रेंगाळत येतो. त्या मधल्या क्षणी गाणं उचललं जातं. चांगला ऑर्गनवादक हा बदल ओळ संपताना करतो, ओळ चालू असताना नाही. बर्क यांच्या अल्बमवर ऑर्गन वाजवणारे रूडी कोपलँड त्यांच्या चर्चमधलेच वादक. प्रवचनकार कधी थांबेल आणि कधी उसळेल, हे अशा माणसाला खुणेशिवाय कळतं.

वय झालेल्या आवाजाची पट्टी

आता मुख्य मुद्दा. वयानुसार आवाजात काय बदलतं? स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, म्हणून वरचे सूर आधी जातात. छातीचा पिंजरा ताठरतो, म्हणून एका श्वासात कमी गाता येतं. तरुण, निरोगी गळ्याचं कंपन सेकंदाला पाच ते सात वेळा होतं. वय झालं की ते मंदावतं आणि रुंदावतं, आणि लांब धरलेला सूर डुलायला लागतो. याउलट बोलण्याजवळचा मधला पट्टा, शब्दांची समज आणि कुठे थांबायचं याचं भान पिकत जातं.

पट्टी ठरवायची पद्धत अशी. गाण्यातला सर्वात वरचा, भावनेच्या टोकाचा सूर शोधायचा. गायकाला तो, शब्दासकट, लागोपाठ पाच वेळा म्हणायला लावायचा. पाचव्यांदाही तो फाटत नसेल आणि तरीही थोडा जोर लागत असेल, तर पट्टी बरोबर. साधारणपणे तो सूर गायकाच्या टोकापासून एक पायरी खाली हवा. तरुणपणी काळी पाचमध्ये म्हटलेलं गाणं बहुधा काळी चारवर, म्हणजे दोन स्वरस्थानं खाली येतं. कधी तीनही उतरावी लागतात.

दोन्हीकडे चूक होते. पट्टी तीच ठेवली तर गायक वरच्या सुरांना घाबरून आधीपासूनच सावध गातो आणि पूर्ण गाणं आकसतं. फार खाली नेली तर टोकाचा सूर आरामात लागतो, पण सोलमध्ये टोकाचा सूर आरामात लागला की त्याचं मोल गेलं. शिवाय खालचे सूर मायक्रोफोनवर पुटपुटल्यासारखे येतात. पट्टी बदलली की वादकांचंही बदलतं. गिटारवर ई या पट्टीत मोकळ्या तारांचा भरघोस नाद मिळतो, अर्धी पायरी खाली गेलं की त्या तारा निकामी. म्हणून गिटारवाले सहाही तारा अर्ध्या पायरीने उतरवून घेतात आणि बोटं पूर्वीचीच ठेवतात.

लयीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: म्हाताऱ्या माणसाला संथ गाणं सोपं. तसं नाही. आठ मात्रांची सलग ओळ ६० च्या लयीत आठ सेकंद चालते, ७२ च्या लयीत पावणेसात. सव्वा सेकंदाचा श्वास हा छोटा फरक नव्हे. संथ गायचं असेल तर ओळ दोन ठिकाणी मोडायला हवी, आणि त्या मोडलेल्या जागी वाद्याने आधार द्यायला हवा. बसून गाणाऱ्यांची आणखी एक गोष्ट. बर्क शरीराने फार भारी होते आणि मंचावर सिंहासनावर बसून गात. बसून गाताना पोट दबतं, म्हणून आसन उंच हवं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत आणि पाठ मागे रेललेली नको.

गाणी कुठून आणायची

ज्येष्ठ गायकाच्या अल्बममध्ये सर्वात जास्त चुका इथे होतात. जुनी गाजलेली गाणी पुन्हा गाऊन घेणं ही पहिली चूक, कारण ऐकणारा पहिल्या ओळीपासून तीस वर्षांपूर्वीच्या आवाजाशी तुलना करतो आणि त्या तुलनेत आजचा आवाज हरतोच. दुसरी चूक, प्रत्येक गाण्यात एक तरुण तारा आणून बसवणं. मग गायकाला स्वतःच्याच अल्बममध्ये अर्धी ओळ मिळते.

जो हेन्रीने तिसरा रस्ता घेतला. बर्क यांना मानणाऱ्या गीतकारांकडून गाणी आली: व्हॅन मॉरिसन, टॉम वेट्स आणि कॅथलीन ब्रेनन, एल्व्हिस कॉस्टेलो, निक लो, ब्रायन विल्सन. शीर्षकगीत डॅन पेन आणि त्याच्या सोबत्यांचं. आठवं गाणं बॉब डिलनचं, जे त्याने १९७८ च्या दौऱ्यात गायलं होतं पण स्वतःच्या स्टुडिओ अल्बमवर घातलं नव्हतं. ब्लूजची छाप सर्वात ठळक दिसते ती याच गाण्यात. म्हणजे नावं मोठी आणि गाणी बर्क यांच्या गळ्याला नवी. तुलना करायला जुना बर्क उपलब्धच नव्हता. जो हेन्रीनेच २००५ मध्ये बेटी लाव्हेट या ज्येष्ठ गायिकेचा अल्बम केला, त्यात सगळी गाणी स्त्री-गीतकारांची घेतली. असं एक बंधन घातलं की विस्कळीतपणा आपोआप कमी होतो.

गाणं या आवाजाला चालेल का, हे ओळखायची एक कसोटी आहे. त्याचे शब्द चाल सोडून, नुसते वाचून दाखवायला सांगायचे. साठीच्या माणसाच्या तोंडी ते खोटे वाटले तर चाल कितीही गोड असली तरी गाणं सोडून द्यावं.

सगळे एकाच खोलीत

हल्ली गाणं थरांनी रचतात. आधी क्लिक, म्हणजे यंत्राची टिकटिक, मग ड्रम, मग बेस, आठवड्याभराने गिटार, आणि सर्वात शेवटी गायक काचेच्या खोलीत एकटा हेडफोन लावून. ही पद्धत वाईट नाही, पण या प्रकाराला घातक आहे. ब्लूज आणि सोलमध्ये वाद्यं गायकाला उत्तर देतात. प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच उत्तर मुद्रित झालेलं असेल तर तो संवाद कसला?

म्हणून छोटा वाद्यमेळ घेऊन सगळे एकत्र वाजवतात. बर्क यांच्याबरोबर जे बेलरोज ड्रमवर, डेव्हिड पिल्च बेसवर, ख्रिस ब्रूस गिटारवर आणि डेव्हिड पामर कीबोर्डवर होते. अकरा गाणी भागिले चार दिवस, म्हणजे दिवसाला तीनच्या आसपास. हा वेग घाईचा वाटतो, पण ज्येष्ठ गळ्यासाठी तो योग्य आहे. एका गाण्याच्या तीन-चार फेऱ्या पूर्ण आवाजात म्हणायच्या, आणि बहुधा दुसरी किंवा तिसरी ठेवायची. पहिलीत वादक चाचपडत असतात. पाचवीपर्यंत गायक स्वतःचीच नक्कल करायला लागतो. यंत्र मात्र पहिल्या तालमीपासून चालू ठेवायचं, कारण कधीकधी तालीमच सर्वात चांगली निघते.

एकत्र वाजवण्याची अडचण म्हणजे गळती. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये ड्रम शिरतो, ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये गायक. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटर पार करायला त्याला जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात. तोच स्नेअर एकदा जवळच्या मायक्रोफोनमध्ये आणि नऊ मिलिसेकंदांनी गायकाच्या मायक्रोफोनमध्ये आला की दोन लाटा एकमेकींना काही ठिकाणी खातात आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. गळती पूर्ण थांबवता येत नाही, तिला वळण लावावं लागतं:

गायकाचा मायक्रोफोन एका दिशेने ऐकणारा घ्यायचा आणि त्याची बहिरी बाजू, म्हणजे पाठ, ड्रमकडे करायची. तोंडापासून अंतर वीतभर ठेवायचं. चार बोटांवर आलं तर खर्ज फुगतो आणि प, ब, फ फुटतात. हातभर लांब गेलं तर खोलीच जास्त ऐकू येते. एका वाद्यापासून त्याचा मायक्रोफोन जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर शेजारचा मायक्रोफोन. जमिनीवर सतरंज्या, ड्रम आणि गायक यांच्यामध्ये छातीएवढ्या उंचीचे जाड पडदे, म्हणजे नजरानजर राहील पण थेट आवाज अडेल. आणि सर्वात परिणामकारक उपाय पैशाचा नाहीच: ड्रमवाल्याने हळू वाजवायचं. काड्यांऐवजी ब्रश, स्नेअरवर पातळ फडकं, झांजा कमी. गायकाला हेडफोनशिवाय स्वतःचा आवाज ऐकू येतो का, हे खोलीतल्या आवाजाचं माप आहे. येत नसेल तर सगळे मोठ्याने वाजवत आहेत. हेडफोन लावावेच लागले तर एक कान मोकळा ठेवायचा. दोन्ही कानांत मोठा आवाज असला की बऱ्याच गायकांचा सूर उतरतो.

या पद्धतीत चूक पुसता येत नाही. गायकाची एक ओळ नंतर बदलायची म्हटली तरी जुन्या ओळीची सावली ड्रमच्या आणि पियानोच्या मायक्रोफोनमध्ये राहिलेली असते. नव्या ओळीखाली जुनी ओळ कुजबुजते. दोन फेऱ्या जोडायच्या म्हटल्या तर क्लिक नसल्याने लयी जुळत नाहीत. एक ६६ वर, दुसरी ६९ वर, आणि सांध्यावर गाणं ठेचकाळतं. त्यात पहिल्या फेरीतल्या झांजेची लांबलेली शेपूट कापली गेली तर सांधा कुणालाही कळतो. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, म्हणून प्रत्येक जण गायकाकडे डोळे लावून वाजवतो. ते लक्ष ऐकू येतं.

नंतर काय करायचं नाही

मिश्रण करताना आधी फक्त गायकाचा आवाज वर आणायचा, आणि मग एकेक वाद्य तो आवाज झाकला जाणार नाही इतकंच वाढवायचं. सर्व वाद्यं जमवून शेवटी आवाज ठेवला तर तो वर तरंगतो किंवा बुडतो. आवाज दाबून समान करणारं यंत्र, कॉम्प्रेसर, दोनास एक किंवा फार तर चारास एक या प्रमाणात. त्याहून जास्त दाबलं की कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीवर येतात, आणि ओळींमधला श्वास धापेसारखा मोठा होतो. कृत्रिम घुमारा जास्त घातला तर आवाजाची खरखर झाकली जाते. झाकायची ती गोष्टच नाही.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आमचं मत ठाम आहे: या गाण्यांना ते लावू नये. कारण तांत्रिक आहे. ते सॉफ्टवेअर प्रत्येक सूर पेटीवरच्या सर्वात जवळच्या स्वरावर नेऊन बसवतं. मधला गंधार त्याला चूक वाटतो. तो एकतर कोमल होतो किंवा शुद्ध, आणि ज्या एका स्वरासाठी हे सगळं गाणं उभं आहे तोच जातो.

गाण्यांचा क्रमही ऐकण्याचा भाग आहे. तबकडीच्या एका बाजूला बावीसेक मिनिटं चांगल्या दर्जाने मावतात. सुई मध्याकडे जाते तशी तिच्याखालून सरकणारी खोबण छोटी होते आणि मोठे, कर्कश आवाज तिथे फाटतात. म्हणून जोरकस गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणी शेवटाकडे, हा रिवाज पडला. सीडी आली तरी तो मोडला नाही.

पहिल्यांदा ऐकताना सलग ऐका, मध्ये थांबू नका. दुसऱ्या खेपेला फक्त बेस आणि ड्रम, आणि हाताने दुसरी व चौथी मात्रा. तिसऱ्या खेपेला गायक थांबतो तिथे कोण उत्तर देतं तेवढंच शोधा: कधी गिटार, कधी ऑर्गन, कधी कोणीच नाही. चौथ्या खेपेला हेडफोन लावून, ओळ सुरू होण्याआधीचा बर्क यांचा श्वास ऐका. तो लांब असेल तर पुढची ओळ कुठवर जाणार ते आधीच कळतं, आणि मागे कोपलँडचा हात त्याच वेळी कर्ण्याचा वेग बदलतो का, तेही कान देऊन बघा.